तळ्याभोवतीचं गवत

"आई, इथली बादली कुठं गेली?"

छबूबाईंनी मान वर न करता हातानेच गोठ्याकडे दाखवलं. कडेवरच्या लेकाला, मल्हारला, सावरत त्यांची सून प्रगती गोठ्यात गेली. रंगाची ती पांढरी बादली गाईपुढे होती, भिजवलेल्या पेंडीने भरलेली. आणि त्या बादलीत गवताच्या ज्या कांड्या उभ्या होत्या, त्या गव्हाणीत पडल्या होत्या. गाईने निम्म्या संपवल्या होत्या. उरलेल्या चघळता चघळता ती प्रगतीकडे अशी बघत होती, जणू हीच तिच्या ताटातलं उचलायला आली आहे.

"आई, त्यांना मुळं फुटली होती."

"कशाला?"

"कांड्यांना. बादलीतल्या."

"अगं बया, ती लावायची व्हती व्हय? मला वाटलं, गाईसाठीच कुणी भिजत घातल्यात." छबूबाई पदराला हात पुसत गोठ्याच्या दारात आल्या. "पण गवतच न्हवं का शेवटी? आपल्याच गाईच्या पोटात गेलं. दुसऱ्याच्या घरात तर न्हाय ना गेलं?"

प्रगतीने गव्हाणीतून हाताला लागतील तेवढे तुकडे गोळा केले. एका तुकड्याच्या डोळ्यापाशी मुळांचा पांढरा झुपका अजून शाबूत होता. मल्हारने त्याकडे बोट दाखवलं आणि खुशीत म्हणाला, "आबा."

दत्तोबांच्या, म्हणजे आजोबांच्या मिशा तशाच पांढऱ्या होत्या. मुळं फुटायला लागल्यापासून मल्हार प्रत्येक कांडीला आबाच म्हणायचा.

प्रगती सुप्याची. बारामतीच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली. लोणी भापकरला, गावाबाहेरच्या वस्तीवर दिली, तेव्हा तिथे विहीर होती, तळं नव्हतं. शेततळं गेल्या साली खणलं, घराच्या मागे, स्वयंपाकघराच्या खिडकीतून सरळ दिसेल असं. त्या माळावर पाणी आलं याचा तिलाही आनंदच झाला होता. टोमॅटो उभा राहिला, ढोबळी मिरची उभी राहिली. मल्हार तेव्हा पाळण्यात होता, आणि पाळण्यातल्या लेकराच्या आईला तळं म्हणजे नुसतं पाणी. लेकरू भिंत सोडून पाय टाकायला लागलं, आणि तिची नजर त्या पाण्यावरून हलेना.

त्यात उन्हाळ्यात शेजारच्या वस्तीवरच्या झुंबरतात्यांचं करडू तळ्यात पडलं. तळ्याच्या चारी उतरणींवर प्लास्टिकचा काळा कागद, आणि पाण्याच्या कडेने त्यावर शेवाळाचा थर. करडू पोहत काठाला यायचं, पुढचे खूर कागदावर टेकवायचं आणि सरकन मागे जायचं. ओरडतही नव्हतं. ओरडायला लागणारी ताकदसुद्धा त्याने खुरांत घातली होती. प्रगतीच्या नवऱ्याने, अविराजने, दोर टाकला, पोटाखालून फास घेतला आणि ओढून काढलं. वर येताच अंग झटकून ते उड्या मारत पळालं. सगळे हसले. प्रगती काठाशी उभी राहून कागदाकडे बघत राहिली. एवढं धडपडूनही कागदावर एक ओरखडा उमटलेला नव्हता.

तसं कुंपण करायचं ठरलेलंच होतं. नाही कोण म्हणत होतं? सिमेंटचे पोल येऊन तळ्याच्या भरावाशी एकावर एक पडलेही होते. जाळी तेवढी बारामतीहून आणायची राहिली होती. अविराजचा टेंपो एक दिवसाआड माल घेऊन मार्केट यार्डात जायचा, आणि संध्याकाळी प्रगती अंगणात येऊन टेंपोच्या मागच्या बाजूला बघायची.

"जाळी?"

"आज रोपांचे ट्रे व्हते. टेंपोत जागाच न्हवती."

पुढच्या खेपेला खताची पोती असायची. त्याच्या पुढच्या खेपेला कुणाचा तरी फ्रिज.

"जाळीला अशी किती जागा लागते हो?"

"अगं, त्याचा गुंडाळा असतोय. आडवा टाकला तर रोपं मोडत्यात, उभा केला तर पडतोय."

"मग एक दिवस नुसती जाळी आणायलाच जा."

"मोकळा टेंपो घिऊन? लोक हसतील." अविराज चपला काढता काढता म्हणायचा. "आन् एवढी माणसं हायत की घरात. पोरगं काय वाऱ्यावर सोडलंय व्हय?"

घरात एवढी माणसं होती, याचीच तिला जास्त धास्ती होती. प्रत्येकाला वाटायचं, दुसऱ्याचं लक्ष आहे. म्हणून ती एकटीच सगळ्यांच्या वाटणीचं लक्ष ठेवायची. भाकरी थापताना, भांडी घासताना, केस विंचरतानासुद्धा दर दोन मिनिटांनी तिची मान खिडकीकडे वळायची. मल्हारच्या पायात घुंगरांचे वाळे तिनेच घातले होते. घरात तिला 'आमचा वॉचमन' म्हणायचे. माहेरी फोनवर सांगायला जावं, तर आई म्हणायची, "आम्ही चार पोरं वाढवली विहिरीच्या काठावर. इतकं भिऊन कसं व्हायचं गं?"

मग एकदा झुंबरतात्यांच्या बायकोकडे हळदीकुंकवाला गेली असताना तिने त्यांचं नेपियर पाहिलं. ओढ्याच्या कडेला, पुरुषभर उंचीचं गवत, एकाला एक बिलगून उभं. पलीकडचं काही दिसत नव्हतं.

"तात्या, ह्यातून जनावर जातं का हो पलीकडं?"

"छ्या. ह्यात गाय आडती," तात्या अभिमानाने म्हणाले. "मागं एक शेळी शिरली व्हती, ती दिसभर घावली न्हाय मला."

प्रगतीने पहिलं वाक्य ऐकलं. दुसरं तिच्या कानावरून गेलं. तिच्या मनात तळ्याभोवती गवताची भिंत उभी राहिलीसुद्धा होती. गवताला टेंपोत जागा लागत नाही, की कुणाची सवड लागत नाही. तात्यांनी मोळीभर कांड्या तोडून दिल्या आणि वर म्हणाले, "गवताला कुणी मागत असतं का पोरी? हवं तेवढं ने."

पहिल्या कांड्या तिने सरळ भरावात खोचल्या. तो भराव म्हणजे खणून काढलेला मुरूम. त्यात ओल ठरत नव्हती. बघता बघता त्या काटक्या झाल्या. छबूबाईंनी त्या चुलीत घातल्या आणि वर सांगितलं, चांगल्या जळतात.

तेव्हा तिला कॉलेजातली प्रयोगशाळा आठवली. तिने पुन्हा कांड्या आणल्या. दोन डोळ्यांचा एकेक तुकडा तिरका कापला, पानं खुडली, आणि खालचा डोळा पाण्यात, वरचा उघडा, असे सगळे तुकडे बादलीत उभे केले. मुळं इथेच फुटू द्यायची आणि मग मुरमात उतरवायची. रोज पाणी बदलायचं, चिकट झालेली कांडी काढून टाकायची. सांगायला एवढंच. पण भरल्या घरात एक बादली जागेवर राहू देणं हे काय काम आहे, ते करणाऱ्यालाच कळतं. कधी ती धुण्याला लागायची, कधी गाडी धुवायला. एकदा आबांनी रिकामी केली आणि कांड्या परत ठेवल्या, पण अर्ध्या उलट्या. "वर काय न् खाली काय, गवतच हाय की," म्हणाले.

अविराज येता जाता विचारायचा, "मॅडम, आज गवताची आंघोळ झाली का?"

पावसाळ्यात आरोग्य खात्याच्या आशाताई टॉर्च घेऊन घरोघरचं पाणी तपासत आल्या, तेव्हा ओळीने मांडलेल्या बादल्या आणि डबे बघून थबकल्या.

"ताई, तुमी शिकल्या सवरल्या. घरात लहान लेकरू. ह्यात अळ्या होतील की."

"मी रोज बदलते पाणी."

"सगळ्याच म्हणत्यात तसं," आशाताई म्हणाल्या आणि टॉर्च मारून प्रत्येक डबा बघितला. अळी निघाली नाही. पण प्रगतीचा चेहरा उतरला तो दिवसभर उतरलेलाच राहिला. खरंच होतं त्यांचं. एका पाण्याच्या भीतीने तिने घरभर पाणी मांडून ठेवलं होतं. मल्हार बादलीत वाकू नये म्हणून तिने ते सगळं पाणी ओट्यावर, माळ्यावर, खिडकीच्या कठड्यावर चढवली. मल्हार खाली उभा राहून, मान मागे टाकून, काचेच्या बरणीतल्या पांढऱ्या मुळांना हाका मारायचा. "आबा. आबा." आणि बाहेरच्या बाजेवरून दत्तोबा ओ द्यायचे, "काय रं?"

तो खेळ दोघांचाही संपत नसे.

गाईने खाल्लेल्या कांड्यांनंतर तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी बादल्यांच्या कडेला लाल रंगाची पट्टी ओढली आणि छबूबाईंना सांगितलं, पट्टीवालीला हात लावायचा नाही. छबूबाई शेजारणीला सांगत होत्या, ते तिने ऐकलं. "सोवळ्यातल्या बादल्या हायत बाई त्या. आमाला शिवायच्या न्हाईत."

मुळं बोटभर झाली तेव्हा तिने तळ्याच्या भरावावर दोन ओळी लावल्या, एक आत, एक बाहेर. एकीतून सुटलेल्याला दुसरीने अडवावं. एकटीने खड्डे काढले, शेणखत टाकलं. तिची ती पाठ मोडणारी मेहनत बघून असेल, की आता हे जगेल असं दिसायला लागलं म्हणून असेल, अविराजने ठिबकची एक नळी फिरवून दिली. मग गवताला कोण अडवतं? दसऱ्याला ते मल्हारच्या डोक्यावर गेलं, नंतर प्रगतीच्या, आणि दिवाळी तोंडावर आली तेव्हा अविराजच्याही.

आता घरातल्यांच्या बोलण्याचा सूर बदलला. छबूबाई रोज संध्याकाळी जाऊन ओझंभर कापून आणायच्या. "गाय दुधाला वाढली," त्या शेजारणीला सांगायच्या, "आमीच लावलंय तळ्यावर." आबा येणाऱ्याजाणाऱ्याला भरावावर नेऊन दाखवायचे. जाळीचं नाव मात्र आता निघेना. एकदा प्रगतीनेच काढलं, तर अविराज म्हणाला, "आता कशाला? तूच केलंस की कुंपण. माणूससुद्धा जायचा न्हाय ह्यातून."

हे त्याने कौतुकाने म्हटलं होतं. तिला ते कौतुक घेता आलं नाही, टाकताही आलं नाही.

आणि सवयीने मान वळवली की खिडकीत आता नुसतं हिरवं दिसायचं. तळं दिसत नव्हतं. दिसत नाही म्हणून काही दिवस तिला बरं वाटलं. मग एका दुपारी, कणीक मळताना, तिचे हात थांबले. तळं तिथेच होतं. फक्त ते तिला दिसत नव्हतं.

तिने अविराजला सांगून बघितलं. "मला खिडकीतून काही दिसत नाही आता."

तो हसला. "आदी दिसतंय म्हणून रडत व्हतीस. आता दिसत न्हाय म्हणून. तुला नेमकं पायजे तरी काय?"

ती दिवाळीच्या आधीची दुपार. अविराज बारामतीला, छबूबाई टोमॅटोच्या तोडणीवर. आबा शेवग्याखाली बाजेवर पडले होते आणि मल्हार त्यांच्या पोटावर बसून मिशा ओढत होता. प्रगती मोरीत धुणं आपटत होती. मध्येच तिने हात थांबवून कानोसा घेतला. घुंगरू वाजत नव्हते.

"आबा, मल्हार कुठाय?"

"हितंच हाय की," आबा म्हणाले. डोळे मिटलेले होते.

आबांच्या पोटावर कुणी नव्हतं. बाजेखाली कुणी नव्हतं. गोठ्यात गाय शांत उभी होती. प्रगती साबणाच्या हातांनी परसात आली आणि तेव्हा तिला एकदाच, पुसट, घुंगरांचा आवाज ऐकू आला. गवतातून. वारा सुटला होता. सगळं गवत मिळून सळसळत होतं, त्यात पुन्हा काही ऐकू येईना. डावीकडे की उजवीकडे तेही कळेना. छबूबाईंनी रोज एकाच जागेवरून कापून कापून तिथे वाट पडली होती. बाहेरच्या ओळीतून गेलेली, आतल्या ओळीतून गेलेली, सरळ काठापर्यंत. प्रगती त्या वाटेने धावली. पानांनी गाल आणि हात कापले ते तिला नंतर कळलं.

पाणी स्थिर होतं. काळा कागद चमकत होता. त्यावर काहीच उमटलेलं नव्हतं. पण करडाचंही उमटलं नव्हतं.

ती कागदाच्या कडेला गुडघे टेकून पाण्यात बघायला लागली.

"आबा," तिच्या मागून कुणीतरी म्हणालं.

ती वळली. दोन ओळींच्या मधल्या बोळात, हिरव्या अंधारात, मल्हार फतकल मारून बसला होता. गवताच्या बुडाशी, जमिनीलगतच्या पेरांना पांढरी मुळं फुटली होती. त्यातला एक झुपका त्याने मुठीत धरला होता. "आबा," तो तिला दाखवत म्हणाला.

आणि लांबून, बाजेवरून, झोपेतच दत्तोबांनी ओ दिली, "काय रं?"

तिने त्याला उचललं तेव्हा तो रडायला लागला. त्याला तिथेच बसायचं होतं. का नाही बसायचं? दुसऱ्या कुठल्या लेकराला त्या दाट गवताची भीती वाटली असती. हा त्याच्या सोबत वाढला होता. स्वयंपाकघरात, बरणीत, खिडकीच्या कठड्यावर, रोज सकाळी आईच्या हातात त्याने ते पाहिलं होतं. त्याला अडवायला तिने नेमकं त्याच्या ओळखीचंच उभं केलं होतं.

तिने मल्हारला आबांच्या मांडीवर दिलं. "धरा. खाली सोडू नका."

आबांनी तिच्या गालावरचं रक्त बघितलं. नातवाला दोन्ही हातांनी धरून बसले.

विळा गोठ्याच्या कुडात खोचलेला असायचा. तो घेऊन ती खिडकीच्या समोरच्या बाजूने सुरू झाली. पार बुडातून कापत गेली. जून झालेल्या कांड्यांना दोन दोन घाव लागत होते. संध्याकाळी छबूबाई तोडणीवरून आल्या, तेव्हा तीन बाजू उघड्या पडल्या होत्या.

"अगं, अगं, समदंच? गाय खाणार तरी किती? वाळून जाईल ते."

प्रगती कापत राहिली.

"बाई, आमी कापलं तर एक एक पान मोजायचीस. आज काय अंगात आलंय?" बोलता बोलता त्यांनी बाजेकडे पाहिलं. दत्तोबा अजून तसेच बसले होते, पोराला घट्ट धरून, आणि पोरगं सुटायला बघत होतं. मग छबूबाई कापलेलं गवत गोळा करून पेंढ्या बांधायला लागल्या.

टेंपो आला तेव्हा अजून उजेड होता. अविराज खाली उतरून भरावाकडे बघतच राहिला.

"हे काय केलंस गं? दिवाळीला पाव्हणं येणार, त्यान्ला दाखवायचं व्हतं."

तिने नेहमीसारखं टेंपोच्या मागच्या बाजूला बघितलं. त्यानेही बघितलं.

"आज टेंपोत," तो म्हणायला लागला. त्याच्या आईने त्याला हाताने थांबवलं.

प्रगतीने विळा खाली ठेवला आणि भरावाच्या कोपऱ्यात पडलेली पहार उचलली. पोलांच्या ढिगापाशी जाऊन तिने मुरमात पहिला घाव घातला. मुरूम वाजला, फुटला नाही. दुसरा घातला. पहार तिच्या हातात झिणझिणली. अविराज म्हणाला, "अगं, जाळी आल्यावर मिशीन आणून काढू की खड्डे," पण ते त्याने कुणाला सांगितलं कोण जाणे. दत्तोबा बाजेवरून उठले. नातवाला बायकोच्या कडेवर दिलं, धोतराचा सोगा खोचला आणि येऊन सुनेच्या हातातली पहार धरली.

"सोड," ते म्हणाले. "तू माती काढ."

त्यांनी खणलं, तिने वाकून ओंजळीने मुरूम बाहेर काढला. खड्डा गुडघाभर झाला तेव्हा पोल उचलायला दोघं पुरेनात. मग अविराज आला. बुडाशी दगड ठोकून बसवले, माती लोटली. अंधार पडेपर्यंत एकच पोल उभा राहिला.

सकाळी प्रगती भांडी घासायला उभी राहिली तेव्हा टेंपो निघून गेला होता. "आज आणतो," अविराज जाताना म्हणाला होता. तिने ऐकलं होतं. मल्हार तिच्या पायाशी, पालथ्या घातलेल्या पट्टीवाल्या बादलीवर बसून टाचा आपटत होता. घुंगरू वाजत होते. खिडकीतून तळं पुन्हा सगळं दिसत होतं, चारी काठांसकट, आणि त्याच्या एका कोपऱ्यावर एकटा पोल, किंचित आत कललेला. भरावावर रात्रीतून प्रत्येक बुडख्याच्या मधोमध पोपटी टोक वर आलं होतं.

विळा तिने खिडकीच्या कठड्यावरच ठेवला होता, जिथे आधी बरण्या असायच्या. तिने तवा घासायला घेतला. मान वर करून तळं बघितलं. खाली वाकून मल्हारला बघितलं. पुन्हा तळं बघितलं.